देवाच्या नावावर झालेले ते मतदान मुलांना शिकवू द्या

शालेय इतिहास आणि नागरिकशास्त्राचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या सदस्यांस,

स. न. वि. वि.

अभ्यासक्रम बदलणार अशी नुसती कुणकुण लागली तरी आपल्याकडे निवेदनांचे दोन गठ्ठे जमत असणार. एका गठ्ठ्याचे म्हणणे, हा देश धर्मावर उभा आहे, ते मुलांना ठासून सांगा. दुसऱ्याचे म्हणणे, देश धर्माला बाजूला सारून उभा राहिला, पुस्तकाला धर्माचा वाराही लागू देऊ नका. माझे पत्र यांतल्या कुठल्या गठ्ठ्यात खुपसायचे या पेचात आपण पडू नये म्हणून मागणी आधीच लिहिते. नववीच्या किंवा दहावीच्या वर्गाला वर्षातून एक तास द्या, आणि त्या तासाला १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत काय घडले ते शिकवू द्या.

मी इतिहास शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. घरात तुळशीची माळ आहे, एकादशी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचे वाचून पत्र एखाद्या नास्तिकाचे आहे असे कुणी परस्पर ठरवून टाकू नये. नास्तिकांविषयी माझी काही तक्रार नाही. पण मला जे म्हणायचे आहे ते श्रद्धेच्या बाजूनेच म्हणायचे आहे.

२६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख मुलांना पाठ असते. घटना तयार व्हायला दोन वर्षे, अकरा महिने आणि वर काही दिवस लागले हेही पाठ असते, कारण त्यावर एक गुण हमखास असतो. परिपाठाला उद्देशिका म्हटली जाते आणि चांगली खणखणीत म्हटली जाते. पण ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांच्या आधी आणखी काही शब्द असावेत की नाही यावर सभेत खडाजंगी झाली, शेवटी हात वर करून मते मोजावी लागली, हे मी शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात मला सापडले नाही. ते मी निवृत्तीनंतर सभेच्या कामकाजाचे छापील खंड चाळताना वाचले आणि बराच वेळ पुस्तक मिटवले नाही.

प्रसंग असा. सभेने उद्देशिका मुद्दाम शेवटाकडे चर्चेला घेतली होती. आधी कलमे ठरू देत, मग त्यांना शोभेल असा आरंभ लिहू, असा तो हिशेब. मौलाना हसरत मोहानींना देश ‘समाजवादी गणराज्यांचा संघ’ व्हायला हवा होता. ते मागे पडले. मग हरि विष्णु कामत उठले. हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाकडून आलेले सदस्य. आयसीएसची नोकरी १९३८ मध्ये सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला माणूस, आणि सभेत दुरुस्त्या सुचवण्याचा कधी कंटाळा न केलेला. त्यांची दुरुस्ती होती की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक’ अशी व्हावी. भाषणात त्यांनी गीतेतला ‘यत्करोषि यदश्नासि’ हा श्लोक म्हटला. जे जे करशील ते मला अर्पण कर, असे भगवंत सांगतात. तर आपणही ही घटना, तिच्यात जे काही उणे असेल त्यासकट, ईश्वराला अर्पण करू, अशी त्यांची विनवणी होती. कामतांना मी संकुचित म्हणणार नाही. इतकी वर्षे राबून उभे केलेले काम देवाच्या पायावर घालावेसे वाटणे ही आपल्याकडच्या कुठल्याही घरात ओळखीची वाटेल अशी भावना आहे.

आणि तरीही विरोध झाला. तो कुणी केला हे पाहण्यासारखे आहे. त्रावणकोरचे पट्टम थानू पिल्लै म्हणाले की मी स्वतः देव मानणारा आहे, पण ही दुरुस्ती स्वीकारली तर श्रद्धेच्या बाबतीत ती सक्ती होईल. देव मानावा की न मानावा याचा हक्क घटना माणसाला देते आहे, त्यालाच हा धक्का आहे. आसामचे रोहिणीकुमार चौधरी शक्तिपूजेच्या परंपरेतले. त्यांनी विचारले, देवाचे नाव घ्यायचेच असेल तर देवीचे का नको? सभेत हशा पिकला असेल, पण प्रश्न फार नेमका होता. एकदा नाव घ्यायचे ठरले की कुणाचे, हे ठरवावेच लागते. गोविंद मालवीयांनी त्यावर उपाय म्हणून परमेश्वराचे लांबलचक वर्णन सुचवले. जगातले निरनिराळे लोक ज्याला निरनिराळ्या नावांनी हाक मारतात असा तो विश्वाचा स्वामी, असे. तेवढे करूनही ज्याला कुठल्याच नावाने हाक मारायची नाही त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

पंडित हृदयनाथ कुंझरूंचे बोलणे मला सगळ्यांत मोलाचे वाटते. हे गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. आपल्या अंतरातल्या सर्वांत पवित्र भावनेशी संबंधित गोष्ट चर्चेच्या आखाड्यात यावी याचेच त्यांना वाईट वाटले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. याच उद्देशिकेत आपण सर्वांना विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासनेचे स्वातंत्र्य देतो आहोत. मग तिच्या पहिल्याच ओळीत आपली श्रद्धा सगळ्यांच्या गळ्यात कशी बांधायची? देवाचे नाव घेऊन आपण संकुचितपणा दाखवू, असे ते स्पष्ट म्हणाले. संयुक्त प्रांतातल्या पूर्णिमा बॅनर्जींनी तर कामतांना कळकळीने सांगितले की देवावर मतदान करण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला ढकलू नका.

कामत मागे हटले नाहीत. अध्यक्षस्थानी राजेंद्र प्रसाद होते. हात वर झाले. बाजूने ४१, विरोधात ६८. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, ईश्वर भारताचे रक्षण करो, असे म्हणून कामत खाली बसले. त्यांनी सभा सोडली नाही, घटनेवर बहिष्कार घातला नाही. पुढे त्याच घटनेखाली निवडणुका लढवून ते लोकसभेतही गेले. हरलेला माणूस हरल्यावर काय करतो, हा इतिहासातला एरवी न शिकवला जाणारा धडा आहे, आणि तो इथे आयता मिळतो.

मुलांना हे सांगितले तर काय होते? मला वाटते, त्यांच्या मनातला एक खोटा हिशेब मोडतो. आजूबाजूला ऐकून मुलांचा असा समज झालेला असतो की एका बाजूला देव मानणारे असतात आणि दुसऱ्या बाजूला देव काढून टाकणारे, आणि देशाचे सगळे भांडण या दोघांतले. १७ ऑक्टोबरच्या सभेत पिल्लै, कुंझरू, बॅनर्जी यांपैकी कुणीही देव नाही असे म्हटले नाही. भांडण श्रद्धावंतांचे श्रद्धावंतांशी होते, आणि ज्यांनी देवाचे नाव लिहू नका म्हटले त्यांनी ते देवाविषयीच्या आदरापोटी म्हटले. ज्या गोष्टीला आपण सर्वांत मोठे मानतो तिचे हात मोजायचे नसतात, आणि मोजून जिंकलो तरी ती दुसऱ्यावर लादायची नसते. मला हा देशाच्या स्थापनेतला सर्वांत श्रद्धाळू क्षण वाटतो. आपल्याला वाटणार नाही कदाचित. पण मुलांना तो कळला तरच त्यांना त्यावर मत बनवता येईल ना?

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट झाली, ती याला जोडून सांगावी लागेल. शिब्बनलाल सक्सेना यांची दुरुस्ती होती की उद्देशिकेत ईश्वराबरोबर राष्ट्रपिता महात्मा गांधींचेही नाव यावे. गांधीजी जाऊन पुरती दोन वर्षेही झालेली नव्हती. सभेतल्या कित्येकांनी आयुष्य त्यांच्यामागे घालवले होते. आचार्य कृपलानी उठले. बापूंविषयीच्या प्रेमात आणि आदरात मी कुणालाही हार जाणार नाही, असे म्हणून त्यांनी सक्सेनांना दुरुस्ती मागे घ्यायला सांगितले. जी घटना पुढे केव्हाही बदलली जाऊ शकते, तिच्यात गांधीजींना न आणणे हेच त्या आदराला धरून होईल, हे त्यांचे कारण. सक्सेनांनी दुरुस्ती मागे घेतली. म्हणजे एकाच बैठकीत देवाचे नाव आणि देशाने देवासारखे मानलेल्या माणसाचे नाव, दोन्ही बाहेर राहिली. दोन्ही वेळा कारण आदराचेच.

यानंतर महिना-सव्वा महिन्याने, २५ नोव्हेंबरला, डॉ. आंबेडकरांनी सभेत जे भाषण केले त्यातला भक्तीविषयीचा इशारा प्रसिद्ध आहे. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारा हमखास मार्ग आहे, असे ते म्हणाले. हे वाक्य भाषणस्पर्धांत म्हटले जाते. म्हणणारा विद्यार्थी टाळ्या घेतो आणि फोटोला हार घालून खाली बसतो. १७ ऑक्टोबरची हकीकत आधी शिकवलेली असेल तर याच वाक्याला पाय फुटतात. कारण मग मुलांना दिसते की हा नुसता उपदेश नव्हता. सभेने महिन्याभरापूर्वी तो आचरून दाखवला होता. (आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात हेच वाक्य वाचून दाखवल्यावर मंचावर जी अस्वस्थता पसरते ती मी पाहिली आहे. त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.)

आता पहिल्या गठ्ठ्यातल्या मंडळींचे म्हणणे. देव वगळला म्हणजे परंपरा वगळली, असे ते म्हणतात. हे खरे नाही, आणि मुलांना ते खरे नसल्याचे दाखवणे अगदी सोपे आहे. खिशातले नाणे काढायला सांगा. त्यावरचे सिंह सारनाथचे, म्हणजे बुद्धाने पहिला उपदेश केला त्या जागेचे. राजमुद्रेखालचे ‘सत्यमेव जयते’ मुंडक उपनिषदातले. झेंड्यावरचे चक्र त्याच सारनाथच्या स्तंभावरचे. घटनेची जी मूळ हस्तलिखित प्रत आहे तिची पाने नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवली. मूलभूत हक्कांच्या भागावर राम, सीता आणि लक्ष्मण लंकेहून परतत आहेत. मार्गदर्शक तत्त्वांवर कृष्ण अर्जुनाला गीता सांगतो आहे. पुढे बुद्ध येतात, महावीर येतात, अकबर येतो, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग येतात, टिपू आणि झाशीची राणी येते, नोआखालीत फिरणारे गांधीजी येतात. ही चित्रे दाखवून काही लोक म्हणतात, बघा, घटना मुळात धार्मिकच आहे. काही लोक ती चित्रे पाहायचीच टाळतात. मुलांसमोर दोन्ही ठेवावे: चित्रात राम आहे आणि मजकुरात कुठल्याही एका देवाचे नाव नाही. एकाच पुस्तकात दोन्ही आहे, आणि ते ज्यांनी केले त्यांना त्यात विसंगती वाटली नाही. का वाटली नसेल, हा प्रश्न नववीच्या मुलाला नक्की पेलतो.

झेंड्याच्या रंगांचेही तसेच. भगवा यांचा, हिरवा त्यांचा, पांढरा उरलेल्यांचा, ही समजूत मुले गल्लीतून घेऊन येतात आणि कधी कधी शिक्षकही तीच सांगतात. काँग्रेसने १९३१ मध्येच ठराव करून रंगांचा जमातींशी असलेला संबंध तोडला होता. भगवा धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा, असे त्यात म्हटले. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने चरख्याच्या जागी चक्र घेऊन झेंडा स्वीकारला तेव्हा राधाकृष्णन यांनी रंगांचा आणखी वेगळा, तत्त्वचिंतकाचा अर्थ सांगितला. अर्थ बदलत गेले. ‘गल्लीतला’ अर्थ मात्र त्यांनी पुन्हा येऊ दिला नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यालाही ऐकवायचे आहे. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द १९४९ च्या उद्देशिकेत नव्हता. के. टी. शहा यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये तो पहिल्या कलमात घालण्याची दुरुस्ती आणली होती आणि सभेने ती नाकारली. तो आला १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, आणीबाणीच्या काळात, ‘समाजवादी’ या शब्दाबरोबर. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या शब्दांविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि शब्द कायम आहेत. हे लपवून काय मिळते? मुलाला पुढे कधी तरी मोबाइलवर हे कळतेच, आणि मग त्याला वाटते की शाळेने आपल्याला फसवले. ज्या सभेने देवाचे नावही घातले नाही आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्दही घातला नाही, तिने घटनेत नेमके काय ठेवले ते मग शिकवता येते. शपथच पाहा. मंत्र्यांचा शपथविधी दूरदर्शनवर मुले पाहतात. कुणी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ म्हणतो, कुणी ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की’ म्हणतो. दोन्ही घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहिलेले आहे आणि दोघांचे मंत्रिपद सारख्याच वजनाचे असते. उद्देशिका सगळ्यांच्या वतीने बोलते, म्हणून तिथे देवाचे नाव नाही. शपथ एकट्याची असते, म्हणून तिथे ज्याला हवा त्याला देव आहे. मला ही मांडणी इतकी सुरेख वाटते की ती शिकवायची राहून गेली याची अजून चुटपुट आहे.

महाराष्ट्राने तर या विषयात दुसरीकडे उदाहरण शोधायला जाऊच नये. मे १९४७. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेले. साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते, विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या भाविकांना खुले व्हावे म्हणून. मंदिर खुले झाले. त्याआधी १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला आणि तिथले दार उघडले नाही. या दोन्ही गोष्टी आपण शिकवतो, पण ‘समाजसुधारणा’ या धड्यात, स्वातंत्र्याच्या धड्यापासून चार पाने लांब. पंचविसाव्या कलमात धर्मस्वातंत्र्य दिले आहे, आणि त्याच कलमात हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा कायदा करायची मुभाही ठेवली आहे. सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते. सभेने ते २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर केले तेव्हा ‘महात्मा गांधी की जय’च्या घोषणा झाल्या. पंढरपूर आणि नाशिक शिकवल्याशिवाय ही कलमे म्हणजे कोरड्या ओळी आहेत. माझ्या वर्गात एकदा एका मुलाने विचारले होते, की विठोबा सगळ्यांचा होता तर उपोषण कशाला करावे लागले? या प्रश्नात घटनेचा अख्खा भाग तीन, म्हणजे मूलभूत हक्क, आहे.

देशभक्तीचे काय, असे आपण विचाराल. तिचाही तास आहेच, आणि तो बहुतेक शाळांत घोषणांचा तास झाला आहे. इथे केरळमधल्या तीन भावंडांचा खटला शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत यायला हवा. ही मुले ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातली. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हते. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयात ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितले. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही, आणि आदराने उभे राहणारा अवमान करत नाही, असे न्यायालय म्हणाले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी निकालाच्या शेवटी लिहिले की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपले तत्त्वज्ञान तिचा उपदेश करते, आपली घटना ती आचरते. आपण ती पातळ करू नये. मी स्वतः राष्ट्रगीत म्हणते आणि म्हणताना अंगावर काटा येतो. ते म्हणणाऱ्याचा काटा आणि न म्हणता ताठ उभ्या राहणाऱ्याचे मौन या दोन्हींना एकाच मैदानात जागा आहे, हे मुलांना सांगायला देशभक्त शिक्षकच हवा. दुसऱ्याला ते जमणार नाही.

आक्षेप दोन येतील. मुले लहान आहेत, हा पहिला. आपल्याकडे चौथीतल्या मुलांना अफझलखानाचा वध शिकवतात. शामियाना, वाघनखे, सगळे. तेव्हा मुले लहान नसतात. मग पंधराव्या वर्षी ४१ आणि ६८ हे आकडे त्यांना झेपणार नाहीत? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पालक तक्रार करतील. करतील. एक म्हणेल देवाचा अपमान केला, दुसरा म्हणेल देव वर्गात आणला. म्हणूनच तर ही हकीकत शिक्षकाच्या मर्जीवर सोडू नका, पुस्तकात घ्या. शिक्षकाने आपल्या मनाने काढलेला विषय आणि पुस्तकात छापलेला विषय यांत नोकरीच्या दृष्टीने किती अंतर असते ते आपण जाणता. अठ्ठाविसाव्या कलमाचीही भीती घालतील. ते कलम राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देऊ नका म्हणते. संविधान सभेत देवाविषयी काय वाद झाला हे शिकवणे धार्मिक शिक्षण नव्हे. तसे असते तर मोगलांचा इतिहासही शिकवता आला नसता.

एक भीती मात्र माझ्याही मनात आहे. आपण हा धडा घ्याल आणि त्याचा शेवट ‘यावरून आपल्याला काय बोध होतो?’ या प्रश्नाने कराल. कृपा करून तसे करू नका. कामत बरोबर होते असे वाटणारा विद्यार्थी देशद्रोही नाही आणि कुंझरू बरोबर होते असे वाटणारा नास्तिक नाही. जगातही याला एकच उत्तर नाही. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेची सुरुवात पवित्र त्रैक्याच्या नावाने होते. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘निर्माता’ म्हणून देवाचा उल्लेख आहे, १७८७ च्या घटनेत मात्र देवाचे नाव नाही. पाकिस्तानच्या संविधान सभेने १२ मार्च १९४९ ला, म्हणजे आपल्याकडच्या मतदानाच्या सात महिने आधी, सार्वभौमत्व अल्लाचे असल्याचा ठराव केला. हे शेजाऱ्याला हिणवायला वापरू नये. तिथेही त्या ठरावाला विरोध करणारे सदस्य होते आणि त्यांचे म्हणणे कामकाजात नोंदलेले आहे. मुलांना एवढे दिसले तरी पुरे, की देश जन्माला घालताना हा प्रश्न अनेकांना पडला आणि प्रत्येकाने आपापले उत्तर शोधले.

गांधीजींची एक हकीकत शिक्षकांना तासाच्या सुरुवातीला वापरता येईल. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीतल्या त्यांच्या प्रार्थनासभेत कुराणातली वचने म्हणायला कुणीतरी हरकत घेतली. जमलेल्यांना प्रार्थना व्हायला हवी होती. गांधीजींनी त्या हरकतीला दडपून प्रार्थना केली नाही, प्रार्थनाच थांबवली. वचने वगळून उरलेली प्रार्थना म्हणायलाही ते तयार झाले नाहीत. या वागण्याचा अर्थ काय लावावा यावर मी अजून स्वतःशी भांडते. हरकत घेणाऱ्याचा तो मान होता, की सगळ्या सभेला दिलेला चटका? वर्गात हे विचारा आणि मग संविधान सभेकडे वळा.

पुढचे व्यवहाराचे. १७ ऑक्टोबरचे कामकाज छापील खंडांत आणि लोकसभेच्या अभिलेखात उपलब्ध आहे. त्यातली कामत, पिल्लै, चौधरी, कुंझरू, बॅनर्जी, कृपलानी यांची भाषणे थोडक्यात, सोप्या मराठीत चार पानांत बसतात. भाषांतर कोरडे होऊ देऊ नका. चौधरींचा देवीचा प्रश्न विनोदासकट यायला हवा. वर्गातली सहा मुले ती भाषणे वाचतील. कामतांची भूमिका शक्यतो देव न मानणाऱ्या मुलाला द्या आणि कुंझरूंची एखाद्या माळकऱ्याच्या पोराला. मग वर्गाने हात वर करून मत द्यावे. निकाल काहीही लागो, तो नोंदवहीत लिहू नये, परीक्षेत विचारू नये, आणि मुख्य म्हणजे कुठल्या शाळेत कुणाच्या बाजूने किती हात वर झाले याचा तक्ता भरून वरच्या कार्यालयाला पाठवायचे परिपत्रक काढू नये. ते निघेल अशी मला दाट शंका आहे.

चार पानांचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. समितीला हवा असल्यास विनामूल्य देईन. त्यावर माझे नाव घालू नये, एवढीच अट आहे.

आपली नम्र,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका